पिकअपमधला सॅटेलाइट रेडिओ सारखा गप्प होतो? संच बदलण्याआधी टपावर चढून बघा

तक्रार साधारण अशी असते. पिकअपमध्ये सीरियसएक्सएम या अमेरिकेतल्या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा संच बसवला, सुरुवातीला छान चालला, मग मधेच आवाज जायला लागला. अँटेना जरा सरकवला, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. कुणीतरी सल्ला देतं की संच गेला, नवा घ्या. नवा संच येतो, त्याच जुन्या केबलला आणि त्याच जागच्या अँटेनाला जोडला जातो, आणि थोड्या दिवसांत तीच तक्रार परत सुरू होते.

इथे टेक्सासमध्ये आपल्यातले बरेच जण एफ-१५०, सिल्व्हराडो, रॅम चालवतात. ह्यूस्टनहून सॅन अँटोनिओ आणि पुढे एल पासोकडे निघालं की सॅन अँटोनिओच्या पलीकडे जवळजवळ साडेपाचशे मैलांचा रस्ता आहे. त्यात तासन् तास एफएमचं एकही धड स्टेशन लागत नाही आणि फोनचं नेटवर्कही येऊन-जाऊन असतं. सॅटेलाइट रेडिओची खरी गरज तिथेच, आणि तो दगा देतो तोही नेमका तिथेच. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की दोष बहुतेक वेळा संचात नसतो, अँटेना कुठे आणि कसा बसवला यात असतो. पिकअपच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, कारण तिचा टप, तिचा हौदा आणि त्यातला माल हे सगळं सिग्नलच्या वाटेत येतं.

आधी नीट ऐका

सॅटेलाइट रेडिओचं प्रसारण डिजिटल आहे. ते एक तर स्वच्छ ऐकू येतं, नाही तर पूर्ण गप्प होतं. त्यात खरखर नसते. त्यामुळे खरखर ऐकू येत असेल, मधेच दुसरंच स्टेशन घुसत असेल, तर आकाशाकडे बघण्यात वेळ घालवू नका. वेगळा बसवलेला संच आपला आवाज बऱ्याचदा एफएमवरून ट्रकच्या स्टिरिओला पाठवतो, दोष त्या टप्प्यात आहे. आवाज चिडीचूप होत असेल तरच अँटेनाकडे वळा. आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा बारीक 'कुंई' आवाज येत असेल तर ती विजेची भानगड आहे.

दुसरी गोष्ट पडद्यावरचा मजकूर. 'चेक अँटेना' आणि 'नो सिग्नल' हे दोन वेगळे निरोप आहेत आणि लोक ते एकच समजतात. अँटेनाच्या आत छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच बारीक केबलमधून संच पुरवतो. ती वीज नीट पोचत नसेल, म्हणजे केबल तुटली, चेपली किंवा जोड सैल झाला, तर 'चेक अँटेना' येतं. 'नो सिग्नल' म्हणजे वायरिंग ठीक आहे, पण अँटेनाला उपग्रह दिसत नाही. पहिल्यात केबल तपासायची, दुसऱ्यात जागा बदलायची. एवढं ओळखलं तरी निम्मं काम झालं.

आवाज गेला की लगेच बाहेर बघून कारण शोधू नका. प्रसारणात तोच कार्यक्रम काही सेकंदांच्या अंतराने दोनदा पाठवण्याची सोय केलेली आहे, म्हणूनच छोट्या पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही. म्हणजे अडथळा येतो आधी आणि शांतता होते जरा मागाहून. ज्या झाडापाशी आवाज गेला असं वाटतं, त्याच्या थोडं मागे खरं कारण असतं.

शहरात उत्तम, बाहेर पडलं की बंद

हे लक्षण फार बोलकं आहे. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे उपग्रह झाकले जातात म्हणून कंपनीने जमिनीवर रिपीटर, म्हणजे तेच प्रसारण पुन्हा पाठवणारे मनोरे, उभारलेले आहेत. ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये तुमचा रेडिओ बऱ्याचदा या रिपीटरवरच चालतो. अँटेना डॅशबोर्डवर, आतल्या आरशामागे, कुठेही टाकला तरी तिथे आवाज येतो. गाडी पश्चिमेच्या केटी उपनगराच्या पुढे गेली की रिपीटर संपतात, उरतात फक्त उपग्रह, आणि मग आत लपवलेल्या अँटेनाचं पितळ उघडं पडतं. मालक म्हणतो, 'कालपर्यंत चालत होता.' काल तो शहरात होता.

सीरियसएक्सएमच्या ओनिक्ससारख्या संचांत अँटेनाच्या सेटिंगमध्ये सिग्नलचे दोन पट्टे दिसतात, एक उपग्रहाचा आणि एक जमिनीवरच्या रिपीटरचा. एखाद्या मोठ्या, मोकळ्या पार्किंगमध्ये जा. झाडं नकोत, दिव्यांचे खांब लांब हवेत. ट्रक आळीपाळीने चारी दिशांना तोंड करून उभा करा आणि दर वेळी फक्त उपग्रहाचा पट्टा बघा. चारी दिशांना तो भरलेला हवा. एखाद्या दिशेलाच खाली येत असेल तर ट्रकचाच कुठला तरी भाग आडवा येतोय.

दक्षिण दिशा आणि मागचा माल

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर, साधारण ८५ ते ११५ अंश पश्चिम रेखांशांच्या पट्ट्यात आहेत. अमेरिकेतून पाहिलं तर ते कायम दक्षिणेच्या आकाशात असतात. ह्यूस्टनहून ते क्षितिजापासून साधारण ५० अंश वर दिसतात, मिनियापोलिसहून जेमतेम ३५ अंशांच्या आसपास. म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. उपग्रह खाली असला की इमारत, टेकडी, झाड, हौद्यातली शिडी, सगळंच मधे येतं.

आता पिकअप उत्तरेला निघालाय अशी कल्पना करा. दक्षिण तिच्या पाठीशी, म्हणजे हौद्याच्या बाजूला. केबिनच्या मागे उंच रॅक, त्यावर प्लायवूड किंवा पाइप, आणि अँटेना टपाच्या अगदी मागच्या कडेला. उपग्रह त्या मालाच्या आड जातात. माझा एक मित्र कॉनरोहून ह्यूस्टनला रोज कामाला जातो. सकाळी दक्षिणेकडे येताना रेडिओ अखंड, संध्याकाळी उत्तरेकडे परतताना दर काही मिनिटांनी गप्प. संध्याकाळच्या ट्रॅफिकमुळे फोनचे टॉवर गच्च होतात आणि त्याने असं होतं, असं त्याला कुणीतरी पटवून दिलं होतं. त्याच्या मागच्या रॅकवरच्या लोखंडी पेटीपासून अँटेना पुढे सरकवून टपाच्या मध्यावर आणला आणि परतीच्या वाटेवरही रेडिओ बोलायला लागला. तुमच्याकडेही एका दिशेला ठीक आणि दुसऱ्या दिशेला बंद असं होत असेल तर दुसरं काही तपासण्याआधी हेच तपासा.

झाडांचं मात्र काही करता येत नाही. ह्यूस्टनच्या उत्तरेला लफकिन, नॅकोडोचेसकडे दाट पाइनच्या रानातून रस्ता जातो. तिथे चांगल्या अँटेनाचाही आवाज अधूनमधून जातो, पावसात भिजलेल्या पानांखाली तर नक्कीच. हा पट्टा २.३ गिगाहर्ट्‌झचा आहे आणि ओली पानं तो शोषून घेतात. फक्त अशाच रस्त्यावर खंड पडत असेल तर तुमच्या गाडीत दोष नाही, पैसे खर्च करू नका.

चुंबक टपाला चिकटतच नाही

संचाबरोबर येणारा अँटेना चुंबकाचा असतो आणि तो पत्र्यावर ठेवायचा असतो. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली, २०१७ पासून तिच्याहून मोठ्या सुपर ड्यूटी पिकअपचीही. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही. मग लोक काय करतात? कुणी अँटेना डॅशबोर्डवर ठेवतो, कुणी दुहेरी चिकटपट्टी लावून टपावर दाबतो आणि ती टेक्सासच्या उन्हात सुटते. अँटेना हायवेवर केबलला लोंबकळत पत्र्यावर आपटत राहतो, रंगही जातो आणि केबलही आतून तुटते. 'सुरुवातीला छान चालला' या तक्रारीचं कारण एफ-१५० वाल्यांच्या बाबतीत मला बहुतेकदा हेच दिसलं आहे.

सिल्व्हराडोत वेगळी गंमत आहे. २०१९ पासूनच्या पिढीत बॉनेट, दारं आणि मागचा फाळका अ‍ॅल्युमिनियमचा आहे, टप मात्र स्टीलचा. बॉनेटवर चुंबक लागला नाही म्हणून संपूर्ण गाडीच अ‍ॅल्युमिनियमची आहे असं धरू नका. फ्रिजवरचा एक चुंबक फडक्यात गुंडाळून टपाला लावून बघा, लगेच कळेल.

टप अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी रेडिओच्या दृष्टीने तो उत्तम आहे. अँटेनाला खाली धातूचा सपाट पत्रा लागतो, तो स्टीलचाच हवा असं नाही. प्रश्न फक्त धरून ठेवण्याचा आहे. त्यावरचा माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे पातळ स्टीलची गोल चकती थ्री-एमच्या व्हीएचबी टेपने (खूप घट्ट धरणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीने) टपाला चिकटवायची आणि तिच्यावर अँटेनाचा चुंबक बसवायचा. चकती गंजू नये म्हणून रंगवलेली घ्या. जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मेणाचा किंवा पॉलिशचा लवलेश राहता कामा नये. टेप लावताना पत्रा साधारण २१ ते ३८ अंश सेल्सिअस असावा, म्हणजे उन्हाळ्यात भर दुपारी नको आणि थंडीत पहाटे नको. घट्ट दाबा. व्हीएचबीला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तोवर हायवेवर नेऊ नका आणि गाडी धुवायच्या यंत्रात तर मुळीच घालू नका.

जागा टपाच्या कडेपासून किमान तीन इंच आत हवी. मोठं काचेचं सनरूफ असेल तर काचेवर नको, पुढच्या किंवा मागच्या पत्र्याच्या पट्टीवर. हौद्यावर फायबरग्लासचं टोपण असेल तर त्यावर अँटेना ठेवण्याचा मोह होतो, कारण केबल लपते. नको. खाली धातू नसल्याने सिग्नल कमी पडतो. सीबी रेडिओचा (ट्रकवाल्यांच्या आपसात बोलायच्या रेडिओचा) दांडा किंवा मोबाइल बूस्टरचा अँटेना टपावर आधीच असेल तर त्यापासून जमेल तितका दूर बसवा. सॅटेलाइट रेडिओचा पट्टा २३२० ते २३४५ मेगाहर्ट्‌झ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लागूनच वायरलेस सेवांचे पट्टे आहेत. एखाद्या ठरावीक टॉवरपाशीच दर वेळी आवाज जात असेल तर बहुधा तेच कारण.

केबल आत कशी न्यायची

दारातून केबल आणणं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. दार रोज आपटतं आणि केबल रोज चेपते. मागच्या सरकत्या खिडकीतून आणली तरी तेच. काही महिन्यांत 'चेक अँटेना' येतं, तेही अधूनमधून, कारण तुटलेली तार दार बंद केलं की टेकते आणि उघडलं की सुटते. असं होत असेल तर संच सुरू ठेवून केबल दारापाशी बोटांनी हळूच वाकवून बघा. निरोप येत-जात असेल तर दोष सापडला.

पिकअपसाठी चांगली वाट म्हणजे केबिनच्या मागे वर असलेला तिसरा ब्रेक लाइट. तो स्क्रू काढून बाहेर येतो, मागे पत्र्यात भोक असतं आणि केबल तिथून आतल्या छताच्या अस्तरामागे जाते. दिवा परत बसवताना त्याचं रबर केबलपाशी नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं. तिथे ब्युटिल सीलंटची पट्टी लावा आणि काम झालं की नळीने पाणी मारून आतून हात फिरवून बघा. पिकअपच्या मागच्या सीटवर ओलं होण्याच्या तक्रारी याच दिव्यामुळे तशाही येतात, त्यात आपण भर घालायला नको.

आत आल्यावर केबल खांबाच्या आवरणामागून खाली आणि दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून डॅशबोर्डकडे न्यायची. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. छताच्या कडेला आणि खांबांत पडद्यासारखी एअरबॅग असते. केबल तिच्या पुढून किंवा तिला बांधून नेऊ नका, कायम तिच्या मागून न्या. एअरबॅग कुठे आहे हे नक्की माहीत नसेल तर ते आवरण काढू नका, गाडीच्या स्टिरिओचं काम करणाऱ्या दुकानातून करून घ्या. रेडिओपायी हा धोका पत्करू नये.

केबल साधारण वीस फुटांहून जास्त असते, उरते. ती कापू नका. सैल, मोठं वेटोळं करून सीटखाली बांधा. घट्ट मुडपली की आतली तार बसते आणि मग पुन्हा तेच दुखणं.

खरखर असेल तर

ओनिक्ससारख्या संचांत पॉवरकनेक्ट नावाची सोय आहे. आवाज एफएमवरून स्टिरिओला जातो आणि तो लायटर सॉकेटच्या मूळ प्लगमधून, गाडीच्या वायरिंगच्या वाटेने पाठवला जातो. कुणी तो प्लग काढून साधा यूएसबी चार्जर लावला की संच सुरू होतो, पण एफएम दुबळं पडतं. मूळ प्लगच वापरा. तो ५ व्होल्टचा आहे. घरात पडलेल्या जुन्या संचाचा प्लग बसतोय म्हणून लावू नका, व्होल्ट वेगळे असले तर संच जळतो.

मोकळी फ्रीक्वेन्सी निवडताना तिच्या दोन्ही शेजारच्याही मोकळ्या हव्यात. ह्यूस्टनसारख्या शहरात ती मिळणं अवघड, आणि मिळालेली पुढच्या गावात कुणाच्या तरी स्टेशनची निघते. म्हणून स्टिरिओला ऑक्सचं (तारेने थेट आवाज देण्याचं) भोक असेल तर ऑक्सच वापरा, एफएमच्या नादी लागू नका. नव्या ट्रकांत ऑक्स राहिलेलं नाही, तिथे ब्लूटूथचा संच बरा. दोन्ही नसेल तर एफएम डायरेक्ट अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो स्टिरिओच्या मागे गाडीच्या अँटेनाच्या वायरमध्ये बसतो आणि आवाज हवेतून न पाठवता थेट तारेतून देतो.

'कुंई' आवाज ऑक्सवर येत असेल तर ऑक्सच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा विजेचा आवाज अडवणारा छोटा जोड) लावा. स्वस्त असतो आणि बहुतेकदा एवढ्याने भागतं.

वीज

काही पिकअपमध्ये सॉकेटला किल्ली काढल्यावरही वीज असते. संच रात्रभर सुरू राहतो आणि ट्रक बरेच दिवस न हलवता उभा राहिला तर बॅटरी उतरते. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून, किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून जोडणी घ्या. एअरबॅग किंवा ब्रेकच्या फ्यूजला हात लावायचा नाही. इंजिन सुरू करताना संच बंद होऊन पुन्हा चालू होणं स्वाभाविक आहे. धावत्या गाडीत तसं होत असेल तर प्लग सॉकेटमध्ये हलतोय.

वर्गणीचा निरोप

चॅनल 'वर्गणी नाही' असं दाखवत असेल आणि पैसे भरलेले असतील, तर कंपनीकडून रिफ्रेशचा सिग्नल (संचाला वर्गणी पुन्हा कळवणारा निरोप) मागवा. तो येईपर्यंत ट्रक मोकळ्या आभाळाखाली आणि संच सुरू हवा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला तो पोचत नाही, आणि लोक तिथूनच पुन्हा पुन्हा मागवत बसतात.

संच अजून घ्यायचाच असेल तर

आधी ट्रकमध्ये तो आहे का ते बघा. नव्या पिकअपांत कंपनीकडूनच बसवलेला असतो, टपावरचा माशाच्या परासारखा अँटेना ही त्याची खूण असू शकते. २०१९ च्या रॅम १५०० पासून ३६०एल आलं. त्यात उपग्रह आणि इंटरनेट दोन्हीवरून कार्यक्रम येतात. असं असताना वेगळा संच कशाला?

ट्रक जुना आहे आणि स्टिरिओही बदलायचाच आहे, तर सीरियसएक्सएम-रेडी स्टिरिओ घ्या आणि मागे एसएक्सव्ही ३०० ट्यूनर (सॅटेलाइट रेडिओचा सिग्नल पकडणारी छोटी पेटी) लपवा. पायोनियर, केनवुड, अल्पाइन यांचे असे स्टिरिओ मिळतात. एफएमची खरखर कायमची जाते, चॅनल स्टिरिओच्याच पडद्यावर दिसतात. लांबच्या प्रवासाला मी हाच पर्याय सुचवीन. स्टिरिओ तसाच ठेवायचा असेल तर ओनिक्स किंवा ब्लूटूथ असलेला रोडी बीटी. दोन गाड्यांत आलटून पालटून वापरायचा असेल तर हेच सोयीचे, फक्त दुसऱ्या गाडीत वेगळा अँटेना कायमचा बसवा, रोज काढघाल करू नका.

भारतातून कुणी वर्ल्डस्पेसचा जुना संच आणायचं मनात आणत असेल तर तो इथे चालणार नाही. ती सेवा वेगळ्या उपग्रहावरची आणि वेगळ्या पट्ट्यातली होती, आणि भारतात ती २००९ च्या अखेरीस बंद झाली.

वापरलेला संच घेत असाल तर पैसे देण्याआधी तो सुरू करून शून्य क्रमांकाच्या चॅनलवर रेडिओ आयडी (त्या संचाचा ओळख क्रमांक) बघा आणि तो क्रमांक वर्गणीसाठी चालतो का ते कंपनीकडून खात्री करून घ्या. क्रमांक टिपताना लक्षात असू द्या की त्यात आय, ओ, एस आणि एफ ही इंग्रजी अक्षरं वापरलेली नसतात. ओ वाटला तर तो शून्य आहे, आय वाटला तर एक, एस वाटला तर पाच.